पाच मिनिटं आणि विभूतीची डबी

लोहारा
सोमवार, दि. १४ जुलै २०२५

चि. सोमेश,

आत्याचे आशीर्वाद. खुशाली नंतर. पाच मिनिटं हात लागला न्हाय की माणसाला बाहेर काढायचं, ही कुठली रीत रे तू बसवून दिलेल्या कॉम्प्युटरची? दवाखान्यात दाराजवळ मी एकटी. नाव लिहायचं, वजन करायचं, म्हाताऱ्याला धरून आत सोडायचं. परत येऊन बघावं तर फाईल बंद, पुन्हा नाव टाका, पासवर्ड टाका. मी चौथी शिकलेली बाई, एकेक इंग्रजी अक्षर हुडकत बसते. मागं रांग. एकजण म्हणालाच, "मावशी, उघडंपर्यंत घरी जेवून येऊ का?" सगळे हसले.

तुला सांगितलं की तू म्हणायचास, "आत्या, फाईल तुझ्याकडं उघडी राहिली की आत सिस्टरला तीत लिहिता येत न्हाय. म्हणून बाहेर काढतो." व्हय. कळत होतं मला.

घरी बरं हाय. तुझ्या बापाचा गुडघा दुखतोय. माकणीची बानूबाई अजून सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यातच. श्वास चालतोय, पण माणूस ओळखत न्हाय. तिचा नवरा बिरू मेंढरं भावकीच्या हवाली करून तिथं बसलाय.

आपल्या दवाखान्यात आली त्या दिवशी तिनं सिस्टरला सांगितलं होतं, "मागं एका सुईनं माझं तोंड सुजलं होतं, ती देऊ नका." सिस्टर लिहायला बसली, फाईल घेईना. मग चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठी कागदांत दबली. सांजच्या सिस्टरनं कॉम्प्युटर बघितला, तिथं काहीच न्हाय. तीच सुई दिली.

डॉक्टर म्हणाले, सोमेशचं काम बिघडलं, दाराजवळची फाईल पाऊण तास उघडीच राहिली. आणि तू फोनवर त्यांना म्हणालास, "माझीच चूक."

तुझी चूक न्हाय. माझ्या पिशवीत विभूतीची पितळी डबी असती, जड हाय. ज्या कळीनं अक्षर उमटत न्हाय त्या कळीवर म्या ती ठेवायची. कॉम्प्युटरला वाटायचं, माणूस बसलंय. दोन महिने असं केलं. त्या दिवशी बानूबाईची फाईल उघडी, कळीवर डबी, आणि मी मागं चहा घेत बसलेली. त्याच डबीतली विभूती लावून मी रोज कामाला जाते सोमेश.

शनिवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शरणम्मा, भाच्यासाठी खोटं बोलू नका."

मग माझ्या ध्यानात आलं. कोण कधी बसलं, किती वेळ हात लागला, हे सगळं आत लिहिलेलं राहतं, तूच दाखवलं होतंस. म्हणजे तू बघितलंस. माझ्या नावापुढं पाऊण तास एकच कळ. बघून गप्प बसलास, आत्याची नोकरी जाईल म्हणून. कुणी सांगितला होता हा शहाणपणा? तुझी आई गेल्यावर तुला म्या सांभाळलं, ते असं फेडायला न्हाय.

आता डॉक्टरांनी तुझं ते बाहेर काढायचंच बंद करायला लावलं. परवा एका बाळंतिणीची फाईल मेडिकलच्या खिडकीवर तासभर अडकली. म्या आरडाओरडा करून बंद करायला लावली. मी नसले तर कोण ओरडंल?

ते आत लिहिलेलं कागदावर काढ, घेऊन ये, डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. मी शेजारी उभी राहीन. नोकरीचं मी बघते.

बिरूला तर मी येत्या शनिवारी सोलापूरला जाऊन सांगणारच हाय. पण डॉक्टरांनी खोटी ठरवलेली बाई त्याच्यापुढं कशी उभी करू? त्याच्या हातात कागद द्यायचाय. फोनवर तू "असू दे आत्या" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे लिहिलं. येतोस का न्हाय, शुक्रवारपर्यंत मला जबाब पाहिजे.

चूक केलेली,
तुझी आत्या
शरणम्मा