मेंदीचा शेंडा

मानेवाडा, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय इंदू,

गोपिकाबाईचा आशीर्वाद. कुंपणापलीकडच्या धाकट्या जावेले पत्र लिहून राहिली म्हणून हसशील. हास. तोंडानं बोलायले गेलं की आपलं भांडणच होते, म्हणून हे.

इकडे सगळे बरे. काल माळी आपली कुंपणाची मेंदी पाहून म्हणे, "बाई, ट्रिम करून देऊ का?" माझ्या डोक्यात तो शब्दच अडकला. छाटणं म्हणा, कापणं म्हणा, हे ट्रिम काहून? नात सोनिका इंग्रजीत एम.ए. करून राहिली ना, तिले विचारलं. ती म्हणे, आजी, फार जुना शब्द आहे हा. मुळात अर्थ मजबूत करणं, नीट सज्ज करणं. कापण्याचा अर्थ कितीतरी मागून आला.

मले काही पटेना. कापून कोणती गोष्ट मजबूत होते? चहाचा कप घेऊन कुंपणाशी जाऊन बसली, आणि पटलं वं! तू तुझी बाजू कापते, मी माझी. शेंडा कोणाचा यावर आपण भांडलो, अन् तो कोणीच कापला नाही. आता मेंदी गेली डोक्याच्या वर, आणि खाली नुसत्या काड्या.

त्या काड्यांतून मले तुझे पाय दिसतात. रोज पाहते, खोटं काहून सांगू? डाव्या पायाले पट्टा बांधला आहे. पडली का? शनिवारी तुझ्या अंगणात कोणाचे तरी चकचकीत बूट दिसले, मोजायची टेप लोंबत होती. "प्लॉट किती बाय किती?" असं तो विचारत होता.

तुझा धर्मेंद्र पुण्याले बोलावून राहिला असेल. लेकच तो. पण मले सांगायचंही नाही?

तुझी स्टीलची वाटी भांडणापासून माझ्याकडेच आहे. रिकामी वाटी आपण कधी परत केली नाही, अन् भरलेली देऊ कुठून? पहिले छातीएवढ्या मेंदीवरून देत होतो. पाहुण्यासारखी फाटकातून मी येणार नाही, माहीत आहे तुले.

येत्या रविवारी माळ्याले बोलावलं. सगळा शेंडा कापणार, तुझा-माझा न पाहता. तू खुर्ची टाकून बस फक्त. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा करते.

जाऊ नको, इंदू. ट्रिमबिम गेलं उडत, मले हेच लिहायचं होतं.

भरली वाटी घेऊन उभी,
तुझी
गोपिकाबाई