पश्चिमेच्या वईतली तार

मी, पुंडलिक दाजी खरिवले, वय ७१, निवृत्त वायरमन, राहणार निडी, तालुका रोहा, जिल्हा रायगड, माझ्या मागे काय कोणाचे, हे या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. साखरेपायी डाव्या पायाची दोन बोटे गेली; डोके जागेवर आहे. कोणाचा दबाव नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. निडी येथील राहते घर माझी एकुलती मुलगी शांती, जी रोह्यास दिली आहे, हिला मिळावे. पितळेची भांडी माझी मयत पत्नी पुतळी हिच्या माहेरची, तीही शांतीचीच. चुलतभाऊ हैबतराव ओटीवरचा झोपाळा मागेल. देऊ नये. एकदा नेला होता, तो कड्या स्वतःकडे ठेवून परत आणून दिला.

२. माझी पक्कड, टेस्टर व हत्यारांची पिशवी पुतण्या सखा यास द्यावी. अट एकच. शेताच्या कुंपणात कधीही वीज सोडणार नाही, असे त्याने शांतीसमोर कबूल करावे. तो हसेल, म्हणून कारण लिहितो.

३. आमच्या वालाच्या शेताच्या पश्चिमेला काळुराम मरवडे यांचे शेत आहे. मधली वई, म्हणजे काट्याकुट्यांचे कुंपण, दर वर्षी भातकापणीनंतर काळुरामदादांनी घालायची, असे दोघांच्या वडिलांनी ठरवले होते. १९९१ पासून त्यांनी ती घातली नाही. खिंडारातून त्यांची म्हैस आत येई आणि शेंगेवर आलेला वाल खाऊन, तुडवून जाई. सांगायला गेलो तर चारचौघांत म्हणाले, "तुला कंपनीचा पगार हाय, पुंडलिका. तुला वाल कशाला?" ते मला वालापेक्षा जास्त लागले.

जानेवारी १९९४ मध्ये मी खिंडारात उघडी तार बांधली व विहिरीवरच्या मोटारीच्या खोपटातून तिच्यात वीज सोडली. म्हैस दचकून पळेल, असे मनाशी म्हणत होतो. ते खोटे होते. त्या तारेने काय होते, हे गावात माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास म्हैस आली. मागे काळुरामदादांची बायको काशीबाई, हातात सैल दावे. म्हैस तारेला लागली आणि जागीच कोसळली. काशीबाईंच्या हातून दावे सुटले व त्या तिच्याकडे धावल्या. "वहिनी, थांबा," असे मी ओरडायला हवे होते. ओरडलो असतो तर कळले असते, म्हणून ओरडलो नाही. खोपटाकडे धावलो. वीस पावले. बटण बंद करून वळलो, तेव्हा त्यांचा हात म्हशीच्या मानेवर होता.

"भावजी, हिला काय झालं वो?"

मी म्हणालो, "पान लागलं असंल. वईत साप असणार."

संध्याकाळी काळुरामदादांनी त्या सापासाठी उरलीसुरली वई पेटवून दिली. म्हशीसाठी खड्डा मी खणला. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मी तुला नाय नाय ते बोललो, आन् तूच धावलास." पुढे दर वर्षी त्यांनी वई वेळेवर घातली. दूध बंद झाल्यावर काशीबाई दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला जाऊ लागल्या.

काशीबाई माणसे बोलवायला गेल्या, तेवढ्यात तार गुंडाळताना पुतळीने मला पाहिले होते. ती एवढेच म्हणाली, "मी कोणाला बोलणार नाय. पन तुम्ही मलाबी ह्याच्यात घातलंत." ती २०१५ साली गेली, काळुरामदादा त्याच्या पुढच्या वर्षी.

४. वईलगतचे पाच गुंठे काशीबाईंना द्यावेत, असे मी कच्च्या मसुद्यात लिहिले होते. मी गेल्यावर कळेल, असा बेत होता. शांतीच्या हाती तो कागद लागला. तिने वाचला आणि तशीच मरवड्यांच्या घरी गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. घर तरीही तिचेच.

काशीबाई त्याच दुपारी आल्या. बसा म्हटले, बसल्या नाहीत.

"मेल्यावर सांगणार व्हतात? मग मी विचारू कोणाला?"

"काय विचारायचंय, वहिनी?"

"मी हात लावला तवा वीज बंद व्हती, का चालू?"

"बटण बंद केलं, मग वळलो. तुम्ही कधी हात लावलात, ते मी बघितलं नाय."

उजवा तळवा उघडून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "जमीन नको. गावकीपुढं सांगा."

६ फेब्रुवारीस मी गावकीपुढे उभा राहून सांगितले. कोणी शिवी दिली नाही. एकेक जण उठून गेला. सबब पाच गुंठ्यांचा मजकूर रद्द; सर्व शेत शांतीचे.

५. हे कलम काशीबाईंनी समोर बसून लिहवून घेतले आहे. त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी वाचले, असं लिवा." मी लिहू लागलो, तशा म्हणाल्या, "तुमच्यामुळं नाय, ते पन लिवा."

काशीबाई काळुराम मरवडे त्या दिवशी वाचल्या. माझ्यामुळे नव्हे.

सही: पुंडलिक दाजी खरिवले
मुक्काम निडी, तारीख १९ फेब्रुवारी २०१९

वरील सही आम्हा दोघांदेखत झाली व आम्ही त्यांच्यादेखत सह्या केल्या:
१. नाथा केरू भोकटे, निवृत्त पोस्टमन, निडी
२. इंदुबाई शिर्के, अंगणवाडी सेविका, निडी