बाबांच्या पँटची कंबर

मंगळवार, दुपार

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. तुझा खोकला थांबला का? जावईबापूंची बदली झाली, की अजून नुसतीच हवा? इकडे सगळं जागच्या जागी आहे. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, शिवणयंत्राला नवा पट्टा बसवला, खिडकीतल्या कुंडीत मिरची लागली.

पत्र बघून म्हणशील, आईला काय हे खूळ, घरात फोन आहे की. आहे. पण तुझा फोन आला की बाबा स्पीकर लावायला सांगतात आणि शेजारी ठाण मांडून बसतात. म्हणून पत्र.

स्वारी हल्ली भलताच भाव खाते. जन्मभर बस चालवली, पोट स्टिअरिंगला टेकायचं. तोच माणूस आता सगळ्या गल्लीला पथ्य शिकवतोय. खालच्या मास्तरांनाही साखर निघाली, ते रोज संध्याकाळी येऊन बसतात. "मास्तर, आधी काकडी, मग भाजी, भात सगळ्यात शेवटी आणि तोही वाटीभरच," बाबा सांगतात. "आणि जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. एक चक्कर मारून यायची, मगच गाडी डेपोत." मास्तर मान डोलावतात. "तुमच्याकडे बघितलं की पटतं हो," म्हणतात. तू पाठवलेले बूट तर बाबा घरातसुद्धा काढत नाहीत.

पहिलं वर्षभर वजन सावकाश उतरलं. ते तू लावून दिलेल्या पथ्याने आणि त्यांच्या चालण्यानेच उतरलं, असं डॉक्टरही म्हणाले. एवढं लक्षात ठेव.

गेले काही महिने मात्र ते भराभर उतरत गेलं. मी पँट उसवायची, कंबर आत घ्यायची, थोड्या दिवसांनी पुन्हा उसवायची. जादा कापड कापलं नाही, आतच दुमडून ठेवलं. म्हटलं, या माणसाचा काय भरवसा, पोट पुन्हा सुटेल. ते आरशासमोर उभे राहून कमरेत दोन बोटं घालून दाखवायचे, "बघ, अजून जागा आहे!" मी हसायचे. ताटात भात उरला, तर आम्ही म्हणायचो जिभेवर ताबा आला. पाठ दुखली, तर म्हणायचो चालणं जास्त झालं. पण खाणं एवढं कमी होऊनही साखर वाढतच होती. तेव्हा डॉक्टरांनी पोटाचं स्कॅनिंग करायला सांगितलं.

मागच्या गुरुवारी रिपोर्ट दाखवायला गेलो. बाबा बाहेर वजनकाट्यावर उभे राहून नर्सला आकडा वाचून दाखवत होते. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, "आता पथ्य राहू द्या. त्यांना काय हवं ते खाऊ द्या."

मला वाटलं, पास झाले. मी खरंच विचारलं, "म्हणजे साखर गेली?" डॉक्टर टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवत राहिले.

स्वादुपिंडात गाठ आहे, चिमे. यकृतापर्यंत गेली आहे. ऑपरेशन करण्यासारखं काही उरलेलं नाही. दुखू नये एवढंच बघायचं, म्हणाले. बाहेर आले तर बाबांनी विचारलं, "काय म्हणाले गं?" मी म्हटलं, "असंच चालू ठेवा म्हणाले." मग आम्ही चालतच घरी आलो.

मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. बाह्या जोडते, काजं करते, काकडी चिरते. माझ्या हातांनी दुसरंच कोणीतरी काम करतंय असं वाटतं. भात अजून वाटीने मोजूनच वाढते. पथ्य सोडलं तर त्यांना कळेल. या माणसाने आयुष्यात एवढी एकच पैज जिंकली, तीही मी काढून घेऊ?

तरी काल दुपारी त्यांच्या चहात अर्धा चमचा साखर घातली. का, ते सांगता येत नाही. हात गेला. एरवी कपाला कुणाचा गोड चमचा लागला असला तरी ओळखणारा माणूस. एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं. मग सगळा चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि म्हणाले, "चिमीला सांगू नकोस."

काय सांगू नको, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी मास्तर आले, तेव्हा पुन्हा काकडीपासून सगळं शिकवलं.

मी सांगितलं तुला. आता तू ये. खोकल्यानंतर हवापालट म्हणून आले म्हण, काहीही म्हण. पण त्याआधी रविवारी नेहमीसारखा फोन कर, आणि नेहमीसारखं वजन विचार. ते आकडा सांगतील. कमी झालेला असेल. तेव्हा शाब्बास म्हण, चिमे. दर रविवारी ते त्याचीच वाट बघतात, आणि माझ्या तोंडून आता तो शब्द निघत नाही.

पँट पुन्हा कमरेत सैल झाली आहे. आत घ्यायला बसते.

तुझी,
आई