छपरावरची टाकी

३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळे.

मुक्कामी सुखरूप पोचले. संस्थेने शाळेमागची खोली दिली आहे. पलंग, टेबल, एक खिडकी, आणि तुला खरं वाटणार नाही, आतच मोरी आणि नळ. परदेशातलं खेडं म्हणजे तांब्याभर पाण्यात अंघोळ, अशी भीती तू घातली होतीस. गावची विहीर आहे खरी उताराच्या पार खाली, बाया तिथून डबे वाहतात. माझ्यामागे ती कटकट नाही. आल्या आल्या खोली धुऊन काढली, पायऱ्या धुतल्या. धूळ फार, म्हणून चादर रोज धुते.

माणसं मात्र ढिली. या बायकांना इंग्रजी वाचायला शिकवायचं, म्हणजे त्यांच्यातल्या एकीला शहरातल्या दवाखान्यात सुईणीचं शिक्षण मिळेल. सकाळचा वर्ग, आणि या येतात ओल्या कपड्यांनी, जांभया देत. सगळ्यांत शेवटी शिंप्याची सून. काल मी आपल्या कॉन्व्हेंटच्या मदरसारखं केलं. घंटा झाली की दाराला कडी. सूनबाई बाहेर. शिवाय पहाटे छपरावर काहीतरी धपधपतं. माकडं असावीत.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आमचे हे म्हणाले, त्या गावाचं काही खरं नाही. भावोजी एकदा जेवायला उशिरा आले तेव्हा त्यांना जिन्यात बसवून ठेवलं होतंस, त्याची आठवण काढून दोघंही हसलो.

इकडे टँकर एक दिवसाआड. बादल्या घेऊन रांगेत उभी राहते आणि तुझ्या रोजच्या चादरीचा हेवा करते. पण एक सांग, विहीर जर उताराखाली आहे, तर तुझ्या नळाला पाणी येतं कुठून? भोचकपणा समजू नकोस. हल्ली मला नळ दिसला की हाच प्रश्न पडतो.

राग आला तरी लोभ ठेव.

तुझी,
धाकटी

६ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ.

छपरावर टाकी आहे, टाकीतून नळाला येतं. टाकीत कुठून येतं ते संस्थेने बघावं. मी शिकवायला आले आहे, प्लंबिंग करायला नाही.

सुईणीच्या जागेसाठी नाव पाठवलं. वाण्याच्या मुलीचं. डोक्याने शिंप्याची सून सरस, पाटीवर लिहिलेलं मी पुसायच्या आत वाचते. पण जिला घंटा कळत नाही ती बाळंतिणीला काय वेळेवर पोचणार? हे मी तिला सगळ्यांदेखत ऐकवलं. तिची सासू काही सांगायला आली होती. मी सबबी ऐकत नसते, म्हणून तिला दारातूनच वाटेला लावलं. तेव्हापासून सून वर्गाला येत नाही. न येवो.

ताई

२३ एप्रिल

चि. धाकटीस,

माकडं नव्हती.

पहाटे काठी घेऊन हाकलायला बाहेर आले. विहिरीपासून माझ्या भिंतीपर्यंत बायका उभ्या होत्या, माझ्याच वर्गातल्या. हातोहात डबे वर येत होते आणि शिडीच्या टोकावर शिंप्याची सून ते टाकीत ओतत होती. अंगाने हलकी, म्हणून वर ती. म्हणून सगळ्यांत शेवटी खाली उतरणार ती. वाण्याकडे पाणी भरायला गडी आहे, म्हणून त्याची मुलगी वेळेवर.

मला काठीसकट पाहून एकजण ओशाळून म्हणाली, टीचरची झोप मोडली. आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. पाहुणीला पाण्याचं काय सांगायचं, म्हणाली. मग दुसरीने अगदी साधेपणाने विचारलं, तुमच्या देशात पाणी फार आहे का? मला तुझी टँकरची रांग आठवली. मी नाही म्हणाले. त्यांनी पुढचा डबा वर चढवला.

त्याच दिवशी संस्थेच्या साहेबांना नाव बदलायला सांगितलं. वाण्याची मुलगी केव्हाच शहरात रुजू झाली. आता तशी जागा पुन्हा निघायची नाही.

शिंप्याच्या घरी गेले. सासूने खुर्ची पुढे केली, सुनेने पाण्याचा पेला. धाकटे, तो पेला हातात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. एक घोट गिळवेना.

ताई

१५ मे

चि. धाकटीस,

तू परत ये म्हणतेस. यायला तोंड नाही, आणि राहायलाही नाही. राहते आहे.

टाकी भरू नका, असं बायकांना बजावलं. स्वतः डबा घेऊन विहिरीवर जाते. अर्धा डबा, तोही टेकत टेकत. चादरीवर धूळ असते, त्यावरच झोपते. वर्ग सगळ्याजणी आल्यावर सुरू होतो. शिंप्याची सून येत नाही. घरी येऊन शिकवते म्हटलं, तर नम्रपणे म्हणाली, आता कशाला, टीचर.

आज पहाटे छपरावर पुन्हा धपधप. कोणी ऐकलं नव्हतं माझं. मी जाऊन शिडी धरली. वरून शिंप्याच्या सुनेने खाली पाहिलं, रिकामा डबा माझ्या हातात दिला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

दर पत्रात लोभ मागायची आपली रीत आहे. या खेपेला मागत नाही. इथे मिळतो आहे, तोच घ्यायची लाज वाटते.

तुझी,
ताई