निवृत्त नवरदेव

गेर्लिंगेन, ३ मार्च २०२४

ती. राजाकाका यांस,
मुक्ताचा सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायचं म्हणून गेले काही रविवार धीर गोळा करते आणि काकूशी कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलून ठेवून देते. म्हणून पत्र.

मी लग्न करायचं म्हणते आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी परवानगी मागणं हास्यास्पद आहे, पण तुमचा होकार नसेल तर माझ्याच्याने इथल्या स्टान्डेसाम्टमध्ये, म्हणजे विवाह नोंदणीच्या कचेरीत, सही होणार नाही. त्याचं नाव टिमो. इथून जवळच्या स्टुटगार्टचा. निवृत्त आहे. शांत आहे. गुडघे अधू, जिना उतरताना कठडा धरतो. पूर्वीच्या कामाविषयी लिहीत नाही. लिहिलं तर बढाई वाटेल, आणि न लिहिलं तर लपवल्यासारखं, या विचारात दोन कागद फाडले.

माझ्यावर लोभ आहेच. तो आणखी एका माणसापुरता ताणता येईल का, कळवावे.

तुमची,
मुक्ता

सातारा, २१ मार्च २०२४

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून काकूने विचारलं, नवरदेवाला घोड्यावर चढवायला किती माणसं लागतील. मी वीज मंडळातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. तुमचे जर्मन लोक सदुसष्टपर्यंत राबतात म्हणे. म्हणजे गृहस्थ जवळजवळ माझ्या बरोबरीचे. त्यांना जावईबापू म्हणू की दादा? मुंडावळ्यांसोबत कमरेचा पट्टाही पाठवतो.

चेष्टा पुरे. वहिनींच्या, तुझ्या आईच्या, अंथरुणाशी तू नऊ वर्षं काढलीस. त्यानंतर कुठे जर्मनी गाठलीस. आता पुन्हा कुणाच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत बसलीस तर मला पाहवणार नाही. माझा होकार नाही. रागाव, पण पत्र लिहिणं सोडू नकोस.

तुझा,
राजाकाका

गेर्लिंगेन, ९ एप्रिल २०२४

ती. राजाकाका यांस,
सा. न. वि. वि.

अहो काका, टिमो एक्केचाळीस वर्षांचा आहे! माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो व्यावसायिक फुटबॉल खेळायचा. त्या धंद्यात चौतिशीतच निवृत्त होतात. तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं, तर पट्टा खरंच पाठवा म्हणाला.

तो मिडफिल्डर होता. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा, गोल त्यांच्या नावावर. दुसऱ्या श्रेणीच्या क्लबांकडून अकरा वर्षांत सात गोल. खरं सांगायचं तर आठ, पण आठवा आपल्याच जाळ्यात. आता शाळेत खेळ शिकवता यावा म्हणून तो विशीतल्या मुलांशेजारी बसून अभ्यास करतो.

पण वय सांगून मी सुटत नाही. डॉक्टर म्हणतात, पन्नाशीच्या आत दोन्ही गुडघे बदलावे लागतील. म्हणजे तुमची भीती अगदीच खोटी नाही. टिमोला तसं म्हटलं, तर तो गेनाऊ, अगदी बरोबर, असं म्हणून या कागदाच्या खाली स्वतःच लिहायला बसला. मराठी तो माझं ऐकूनच शिकला. अक्षरंही मीच शिकवली. काय लिहिलंय ते वाचणार नाही, असं मी कबूल केलंय.

उत्तर काहीही असो, माया कमी नसावी.

मुक्ता

नमस्कार काका. माझे गुडघे वाईट आहेत. जानेवारीत मुक्ताला ताप होता. मी तिच्याजवळ बसले. सूप केलं. रात्री जागले. मी मुक्ताची काळजी घेते. टिमो.

सातारा, २ मे २०२४

चि. मुक्ता हिस आशीर्वाद, आणि चि. टिमो यांसही. तुझ्याहून लहान, तेव्हा चिरंजीवच.

अकरा वर्षांत सात गोल! आमच्या मंडळात एवढ्या कामावर बढती मिळाली असती. आठव्याबद्दल काकू म्हणते, माणूस घरचा आहे, दिलं ते घरातच दिलं. आणि मधल्याचं काम मला समजावू नकोस, तीन भावांत मी मधला.

तू वाचलं नाहीस म्हणून सांगतो. तुझा सहा फुटी गडी लिहितो, मी जवळ बसले, मी जागले, मी काळजी घेते. तुझ्याकडून शिकल्याचा प्रताप! काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग चष्मा पुसून तिने ते पुन्हा वाचलं आणि म्हणाली, या घरात ‘मी जागले’ असं आजवर आम्ही बायकांनीच म्हटलंय. पुरुषाच्या हातचं पहिल्यांदा वाचते आहे. मी उठून कपाटातून आमचे पासपोर्ट काढले.

होकार आहे. आम्ही दोघं व्हिसाच्या मागे लागलो आहोत. टिमोचं बाकी मराठी खुशाल सुधार, पण ही चूक त्याला एवढ्यात दाखवू नकोस.

तुम्हा दोघांचा,
राजाकाका