ओल्या गादीला शेवट सापडेना

मोंतेविदेओ, मंगळवार

तीर्थस्वरूप ओफेलिया मावशीस,

विल्मारचा नमस्कार, आणि उजव्या गालावर नेहमीचा एक मुका. तुझा गुडघा आता कसा आहे? मिनासला डोंगरातली थंडी सुरू झाली असेल, तेव्हा लोकरीची पट्टी बांधत जा (ती सुंदर दिसत नाही हे मान्य, पण गुडघा कोण बघतंय). कर्नल अजून सायकलवाल्यांवर भुंकतो का? त्यालाही माझा नमस्कार सांग. मी इथे ठणठणीत आहे. चष्म्याच्या दुकानातली नोकरी चालू आहे, म्हणजे मी बेसगिटार वाजवतो हे मालकाला अजून कळलेलं नाही. हे पत्र मी दुपारच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देतोय. ते काही मागण्यासाठी लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सहज आठवण आली म्हणून लिहितोय.

झुलेमा तुझ्याकडेच आहे असं कळलं. मुलीने आईकडे जाऊन राहावं यात विशेष काही नाही, आणि मीही तिची चौकशी करत नाही. फक्त तिने तुला जे सांगितलं असेल ते एका बाजूचं आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. आमचा 'ओली गादी' हा बँड तू एकदा ऐकला आहेस (तू मधेच उठून गेलीस त्याचं आम्हाला वाईट वाटलं नाही, पुष्कळ लोक तुझ्याआधी गेले होते). त्यात मी, ड्रमवाला मिल्टन, जुनी टेपयंत्रं आणि एक वॉशिंग मशीन वाजवणारा फोन्सो, आणि गायला आपली झुलेमा. तर एके दिवशी झुलेमा दाढ काढायला गेली असताना मिल्टनच्या डोक्यात आलं की एक अल्बम गाणाऱ्या आवाजाशिवाय करू. बँड मोडायचा नाही, बाजूला एक वेगळं काम म्हणून. आवाज असला की लोक शब्द ऐकत बसतात, आपलं कुणी ऐकतच नाही, असं त्याचं म्हणणं. फोन्सोने मान डोलावली. या निर्णयात माझा काही हात नव्हता, फक्त मत होतं.

झुलेमा परत आली तेव्हा तिचा अर्धा चेहरा बधिर होता. आम्ही तिला सगळं समजावून सांगितलं. ती काहीच बोलली नाही, त्याला आम्ही संमती समजलो. दुसऱ्या दिवशी तोंडात जीव आल्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही, कारण ती भाषा तिने तुझ्याकडूनच उचललेली आहे. मग थर्मास काखेत मारून ती बसमध्ये बसली. तिच्याशिवाय 'ओली गादी' हे नाव वापरणं बरं दिसेना, म्हणून मिल्टनने 'कोरडी गादी' सुचवलं. तो दिवसभर स्वतःच्याच विनोदावर हसत होता, त्यामुळे तेच ठरलं.

रेकॉर्डिंगला मिल्टनच्या सासऱ्यांनी, म्हणजे रुबेनसाहेबांनी, त्यांचं बंद केलेलं मटणाचं दुकान दिलं. पांढऱ्या फरशांमुळे आवाज असा घुमतो की वॉशिंग मशीनचं चर्च होतं. वरच्या आकड्यांना फोन्सोने मायक्रोफोन टांगले. अडचण एकच, दुकानात माणसं दिसली की समोरच्या चिचिताबाई दार वाजवून रविवारसाठी बरगड्या आहेत का विचारतात. "दुकान बंद झालंय, बाई." "मग आत काय कापताय एवढा वेळ?"

पहिलंच गाणं इतकं छान रंगलं, मावशी, की काय सांगू. मग आणखी रंगलं. मग मी मिल्टनकडे पाहिलं, मिल्टनने फोन्सोकडे पाहिलं, आणि फोन्सो डोळे मिटून वाजवतो. कुणी थांबेना. मी थांबावं तर बाकीचे दोघे अजून काही सांगतायत असं वाटे, आणि तेही माझ्याबद्दल तसंच समजत होते. शेवटी चिचिताबाईंनी दार ठोठावलं तेव्हा सुटका झाली, म्हणजे माझी आणि मिल्टनची. फोन्सो ते ठोकणंही वाजवायला लागला.

मग आम्ही शांतपणे बसून आमचे जुने अल्बम ऐकले. ते संपतात कसे हे पाहायला. प्रत्येक गाणं एकाच जागी संपत होतं. झुलेमा गाता गाता थांबते, थर्मासातलं गरम पाणी 'माते'ची पत्ती भरलेल्या भोपळ्याच्या पेल्यात ओतते, आणि नळीतून त्या कडू काढ्याचा शेवटचा घोट ओढते. तो सुर्रर्र आवाज आला की आम्ही तिघे थांबतो. इतकी वर्षं. ब्वेनोस आयर्सच्या एका समीक्षकाने लिहिलं होतं की हा ओढलेला स्वर म्हणजे नदीने किनाऱ्याला दिलेला नकार आहे. आम्ही ते कात्रण फ्रेम केलं होतं.

उपाय पुष्कळ केले. मिल्टनने घड्याळाचा गजर लावला. तो वाजताच फोन्सोने त्यावर एक नवी धून बांधली, आणि सांगायला लाज वाटते, ती चांगली होती. मग ठरलं की मिल्टनने सरळ काठ्या खाली ठेवायच्या. त्याने ठेवल्या. पण आमच्यासारख्या बँडमध्ये कुणी वाजवायचं थांबला तर तो थांबला असं कुणी समजत नाही, त्याने शांतता वाजवली असं समजतात. फोन्सोने आणि मी त्या शांततेभोवती इतक्या आदराने वाजवलं की मिल्टन संकोचून पुन्हा सुरू झाला. (नंतर फोन्सो त्याला म्हणाला, "तुझं आजवरचं सर्वांत उत्तम काम होतं ते." मिल्टन अजून त्याच्याशी नीट बोलत नाही.)

शेवटी चिचिताबाईंनाच आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि हातात माते दिला. बाई उत्साही. सुरुवातीलाच सुर्रर्र केलं, आम्ही थांबलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा सुर्रर्र. अशी बरीच गाणी झाली, त्यांतल्या एकातही फोन्सोची पाळी आली नाही. मिल्टन म्हणतो ती आमची सर्वोत्तम गाणी आहेत. जाताना बाई म्हणाल्या, "पत्ती पार धुतली गेलीय तुमची, आणि ती गाणारी मुलगी कुठाय?"

यात गंमत एवढीच की येत्या शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये या अल्बमचा कार्यक्रम आहे. मुलांचा स्केटिंगचा वर्ग सुटल्यावर आम्ही, आणि आमच्यानंतर म्हाताऱ्यांचा बिंगो. क्लबचे सेक्रेटरी पुन्हा रुबेनसाहेबच. त्यांनी मिल्टनला बजावलंय, "बिंगो उशिरा सुरू झाला तर दुकानाची किल्ली परत घेईन. मुलगी राहू दे तुझ्याकडे." बाकीच्या हॉलवाल्यांनी आम्हाला आधीच हात जोडलेत. तेव्हा शनिवारी वेळेत थांबलो नाही, तर ओली काय आणि कोरडी काय, कुठलीच गादी राहणार नाही.

म्हणून मिल्टनने झुलेमाला फोन केला. (मायक्रोफोनचा स्टँड कुठे ठेवलाय हे विचारायचं निमित्त. स्टँड त्याच्या हातातच होता.) आम्ही दोघे कान लावून उभे. बोलता बोलता त्याने विचारलं की गाणं कुठे संपवायचं हे तुला कसं कळायचं. ती म्हणाली, "मी कशाला संपवतेय? मला कंटाळा आला की मी माते प्यायचे. तुम्हीच थांबायचात." नदीने किनाऱ्याला दिलेला नकार म्हणजे आपल्या झुलेमाचा कंटाळा होता. मिल्टनने धीर गोळा केला, शनिवारचा विषय काढायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात फोनमधून आवाज आला. सुर्रर्र. मिल्टनने सवयीने फोन ठेवून दिला. मी आणि फोन्सो आपापल्या जागी जाऊन बसलो. नंतर दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तेच झालं.

असो. सहज म्हणून लिहिलं. गुडघ्याला जप.

तुझा,
विल्मार

ता. क. हे पत्र झुलेमाला अजिबात दाखवू नकोस.

ता. क. दाखवायचंच नसेल तर स्वयंपाकघरात ओट्यावर, तिच्या थर्मासाशेजारी ठेव. तिथे ते सुरक्षित राहील.

ता. क. तिने वाचलंच तर तिला सांग की शनिवारी गायचं नाही. आवाजाशिवाय अल्बम हे तत्त्व आम्ही सोडलेलं नाही (मिल्टनने सोडलंय, फोन्सो रडतोय, मी ठाम आहे). तिने फक्त पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून कंटाळायचं. आमचा कंटाळा पुष्कळांना येतो, पण इतका नेमक्या जागी कुणालाच येत नाही. पोस्टरवर तिचं नाव सर्वांत वर टाकलंय, आणि गादी पुन्हा ओली केली आहे. पोस्टर कालच छापून आलं.

ता. क. चिचिताबाई विचारत होत्या की ती गाणारी मुलगी आली तर गाईल ना थोडं. मी म्हटलं, तिची मर्जी. आम्ही अडवणार नाही.

ता. क. मावशी, बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि मला हे पत्र संपवता येत नाहीये. झुलेमा शेजारी बसून वाचत असेल, आणि एव्हाना तिने भोपळ्यात पाणी ओतलं असेल, तर तिला म्हणावं, ओढ.