संध्याकाळी सातची मिटिंग

आबा,

तुमचा तळ आता कुठल्या शिवारात आहे ते कळेपर्यंत हे पत्र माझ्याजवळच राहील.

माझ्या हाताखालची माणसं आपापल्या घरून कॉम्प्युटरवर काम करतात. गुलमंडीमागं राहणारी सुकेशनी सकाळच्या मिटिंगमधून मध्येच गायब व्हायची. "काढून टाक तिला," साहेब म्हणाले. मी भीतभीत तिलाच फोन केला.

"ताई, या दुष्काळात नळ आठवड्यानं येतो, तोही नेमका मिटिंगच्या टायमाला. पाणी भरू का तोंड दाखवू?"

तळ हलवण्याआधी तुम्ही प्रत्येक बिऱ्हाडाला विचारायचात. तसं मीही सगळ्यांना विचारलं. टीममधला गोकुळ हसला, "ताई, मिटिंग घेता का टँकर वाटता?" पण सगळ्यांना जमेल अशी एकच वेळ निघाली, संध्याकाळी सातची. मेंढरं कोंडून मला फोन करायला तुम्ही रेंजसाठी टेकडीवर चढता, तीच. मी हो म्हणाले. सुकेशनीची नोकरी राहिली.

काल मिटिंगमध्ये ती बोलत असताना फोनवर तुमचं नाव दिसलं. तिचं बोलणं मी पुरतं ऐकून घेतलं. मग फोन लावला, तो लागेना. तोवर तुम्ही टेकडी उतरून गेला असाल.

तुमची,
अपेक्षा